जास्तीचं ढवळणं

कारखान्यात सगळेच त्यांना वहिनी म्हणत. त्यांचा सख्खा दीर तिथेच सुपरवायझर होता आणि चारचौघांतही तो त्यांना वहिनीच म्हणे. त्याच्या तोंडचं मग इतरांच्या तोंडी बसलं. हीटरवरच्या माणसापासून ते वयाने मोठ्या असलेल्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी झाल्या. एखादा नवा माणूस पांढरा कोट बघून पहिले काही दिवस ‘मॅडम’ म्हणायचा, पण लवकरच तोही वळणावर यायचा.

कारखान्याचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. जमिनीतून निघालेलं जाड तेल तिथे यायचं. डांबराचा चुलतभाऊ शोभेल असं. त्यात पाणी असायचं, पण ते डोळ्यांना दिसेल तर शपथ. बारीक थेंब होऊन ते तेलाच्या पोटात दडून बसायचं आणि कितीही दिवस ठेवलं तरी खाली उतरायचं नाही. त्याला बाहेर काढायला एक रसायन घालत. कामगार त्याला औषध म्हणायचे. औषध त्या थेंबांभोवतीचं कवच मोडायचं, मग थेंब एकमेकांना भेटून मोठे व्हायचे आणि जड होऊन तळाला जायचे. पाइपातून येणाऱ्या तेलात औषध सोडायचं, पंपाने ढवळायचं, मोठ्या टाकीत निवळू द्यायचं, आणि वरचं तेल हीटरमध्ये कडक तापवून पुढे धाडायचं, असा सगळा क्रम. कुठलं औषध, किती घालायचं, हे वहिनी ठरवत.

ठरवायची रीत वर्षानुवर्षं एकच होती. काचेच्या बाटल्यांत तेल घ्यायचं, प्रत्येकीत वेगळं औषध घालायचं, बाटल्या गरम पाण्यात ठेवायच्या, मग हातात धरून हलवायच्या. ज्या बाटलीत पाणी लवकर आणि स्वच्छ उतरेल ते औषध जिंकलं. वहिनींचा हात त्यात इतका बसला होता की बाटली हलवताना त्या दाराशी आलेल्या माणसाशी गप्पा मारत, आणि हात घड्याळाच्या लंबकासारखा आपलं काम करत राही.

घरी चार माणसं. सासूबाई, दीर, जाऊबाई आणि वहिनी. नवरा आजारपणात गेला तेव्हा वहिनींना माहेरी न्यायला त्यांचे भाऊ आले होते. दीर तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला. तो दारात उभा राहून म्हणाला होता, वहिनी कुठेही जाणार नाहीत, हे घर त्यांचंच आहे. भाऊ परत गेले. पुढे त्याच दिराला वहिनींनी कारखान्यात लावून घेतलं, सुपरवायझरच्या परीक्षेला बसवलं, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाजी निवडता निवडता त्याला दाब, तापमान, वेग असलं सगळं शिकवलं. त्याने लग्न केलं तेव्हा मुलगी बघायला वहिनीच गेल्या होत्या. जाऊबाईंना ते जरा खुपायचं, पण भांड्याला भांडं लागावं इतपतच.

त्या वर्षी नव्या विहिरीचं तेल यायला लागलं. ते पहिल्यापेक्षा जड, आणि पाण्याला घट्ट धरून बसणारं. जुन्या औषधाची डाळ तिथे शिजेना. वहिनींनी बाटल्यांमागून बाटल्या हलवल्या, मनगट सुजलं, आणि शेवटी एका औषधाने असं पाणी उतरवलं की बाटलीच्या तळाशी आरपार दिसावं. मॅनेजर खूश झाला. औषध मागवलं, सुरू केलं.

टाकीत मात्र तसं होईना. पाणी उतरायचं, पण अर्धवट. तेलात उरायचं ते उरायचंच. वहिनी दोन-तीन दिवस त्याच विचारात होत्या. मग एका संध्याकाळी जेवताना, दिराच्या ताटात भाजी वाढता वाढता त्या सहज बोलून गेल्या, “बाटलीत उतरतं ते टाकीत उतरत नाही, म्हणजे ढवळणं कमी पडतंय, भाऊजी. औषध सगळ्या थेंबांपर्यंत पोचतच नसणार.”

दीर मान हलवून जेवत राहिला. सासूबाईंनी घरात तेलाचा विषय बंद करा म्हणून दटावलं. विषय बंद झाला. वहिनींच्या तर तो डोक्यातूनही गेला, कारण दुसऱ्या दिवसापासून टाकीच्या वरच्या नळाचे नमुने चांगले यायला लागले. त्यांना वाटलं, औषध रुळलं.

टाकीच्या मध्यावरही नमुन्याचा एक नळ होता. तो गाळाने बुजला होता. दुरुस्तीवाल्यांना सांगून झालं होतं, मॅनेजरच्या कानावर घातलं होतं, आणि काम आज-उद्यावर ढकललं जात होतं. त्यामुळे टाकीच्या पोटात काय शिजतंय ते कुणालाच दिसत नव्हतं. पाणी आणि तेल यांच्या मधोमध एक तपकिरी, चिकट लगदा धरत चालला होता. तो धड तेल नव्हता आणि धड पाणीही नव्हता. हळूहळू तो वर चढत होता.

हीटरवर दिवसपाळीला जो असायचा त्याला सगळे पैलवान म्हणत. अंगाने काडी होता, म्हणूनच. फुंकर मारली तर हीटरच्या पलीकडे जाऊन पडशील, असं त्याला दिवसातून एकदा तरी कुणीतरी ऐकवायचंच, आणि तो दंड फुगवून दाखवायचा. त्या दिवशी दुपारच्या चहानंतर तो हीटरच्या तोंडापाशी नमुना घ्यायला वाकला होता. टाकीतला लगदा त्याच वेळी पाइपात शिरला. लगद्यातलं पाणी कडक तापलेल्या हीटरमध्ये पोचलं आणि एकदम वाफ झालं. नळाची तोटी उडाली. उकळतं तेल पैलवानाच्या दोन्ही हातांवर, मानेवर आणि एका गालावर आलं.

वहिनी प्रयोगशाळेतून धावत गेल्या तेव्हा दिराने त्याला पाण्याखाली धरलं होतं. त्याने पकड सोडली नव्हती. पैलवान ओरडत नव्हता. त्याच्याकडे बघवत नव्हतं ते त्यामुळेच.

त्याचा जीव वाचला. वहिनी इस्पितळात गेल्या तेव्हा तो पट्ट्यांच्या गाठोड्यांसारखे हात छातीवर ठेवून पडला होता. त्याची बायको उशाशी बसून त्याला चमच्याने पाणी पाजत होती. तिने वहिनींना बसायला स्टूल दिलं आणि विचारलं की तेलात पाणी आलं कुठून, तुम्ही तर ते काढता ना. विचारण्यात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. शोधून सांगते, एवढंच म्हणून त्या उठल्या.

कारखान्यात तोवर कुजबुज सुरू झाली होती. औषध नवं, आणि ते निवडलं वहिनींनी. मुख्य कचेरीतून चौकशी येणार होती. तोंडावर कुणी काही म्हणेना, पण वहिनी आल्या की चहाच्या टपरीवरचं बोलणं थांबायचं.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक ढवळायचं यंत्र धूळ खात पडलं होतं. मोटारीवर फिरणारा दांडा, त्याला पाती, आणि वेग कमीजास्त करायची कळ. हाताने काम भागतं म्हणून ते कुणी वापरत नसे. वहिनींनी ते पुसलं. त्याच विहिरीचं तेल, तेच औषध, तितकंच गरम. फक्त ढवळणं बदलायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

हळू ढवळलेल्या भांड्यात थोडंसंच पाणी उतरलं. टाकीत आधी व्हायचं तसंच. थोडं जोरात ढवळलं तेव्हा पाणी झरझर खाली आलं, काचेसारखं स्वच्छ. वहिनींनी वेग आणखी वाढवला. आता तर आणखी छान व्हायला हवं होतं. पण पाणी पहिल्यापेक्षा कमी उतरलं, आणि वरचं तेल स्वच्छ दिसत असतानाच मध्ये एक तपकिरी पट्टा धरला. अगदी शेवटच्या वेगाला तर सगळा लगदाच झाला. तो तापवून बघितला, तसाच ठेवून बघितला, आणखी औषध घालून बघितलं. ढिम्म हलेना. जुळून मोठे झालेले थेंब पात्यांनी पुन्हा फोडून पहिल्यापेक्षाही बारीक केले होते, आणि इतके बारीक थेंब पुन्हा जुळवणं औषधाच्या आवाक्याबाहेरचं होतं.

वहिनींनी तो प्रयोग त्याच विहिरीचं ताजं तेल घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. तेच आलं. औषध निर्दोष होतं. त्यांची निवड चुकली नव्हती. कित्येक दिवसांनी त्यांचा श्वास मोकळा झाला, आणि त्या मोकळेपणातच त्या घरी गेल्या.

जेवायला सगळे बसले तेव्हा त्यांनी ते सांगितलं. इतक्या उत्साहाने सांगितलं की सासूबाईंनीही टोकलं नाही. औषधात काही खोट नव्हती, कुणीतरी पंपाचा वेग भलताच वाढवला असणार, त्याने घात केला, असं त्या म्हणाल्या. आता फक्त तो शहाणा कोण ते शोधायचं.

दिराने हातातला घास ताटात ठेवला. पाणीही न पिता तो उठला, हात धुतले आणि गॅलरीत गेला. जाऊबाईंनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी डाव खाली ठेवला.

त्या गॅलरीत गेल्या तेव्हा तो कठड्याला टेकून खालच्या रस्त्याकडे बघत होता.

“पंप मी वाढवला होता, वहिनी,” तो म्हणाला.

“कधी?”

“तुम्ही म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ढवळणं कमी पडतंय म्हणालात ना. मग मी म्हटलं, कमी नको पडायला. शेवटापर्यंत नेला.”

वहिनींनी किती वाढवा ते सांगितलं नव्हतं. वाढवा असंही सांगितलं नव्हतं. पण हे असं मनातल्या मनात बोलतानाच त्यांना स्वतःची लाज वाटली. टेबलापाशी बसून वर्षानुवर्षं ज्याला शिकवलं, तो त्यांच्या तोंडचा शब्द झेलणार नाही तर काय करणार? आणि जास्त ढवळलं की बिघडतं, हे त्या दिवशी त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

त्या म्हणाल्या, चौकशीत दोघांनीही सगळं सांगू या. त्याने नकारार्थी मान हलवली. तुमचं नाव मध्ये आणू नका, तो म्हणाला. दोघांच्याही नोकऱ्या गेल्या तर आईकडे कोण बघणार? पंपावर हात माझा होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने वहिनींना बोलावून दार लावून घेतलं. पंपाचं त्याच्या कानावर आलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. चहा मागवला, पैलवानाची चौकशी केली, मग खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात म्हणाला की औषध नवंच आहे, विकणारे लांबचे आहेत. या खेपेचा माल सदोष निघाला, एवढं अहवालात आलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. ते माल बदलून देतील, आपली माणसं वाचतील. बुजलेल्या नळाचा त्याने उल्लेख केला नाही, पण तो त्याच्याही मनात असणारच.

वहिनी घरी येऊन हे दिराला बोलल्या. जाऊबाई दाराआड होत्या, तेही त्यांना दिसत होतं. दिराने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने मान वर न करता विचारलं, “लिहिता येईल का तसं?”

त्याच्या आवाजात आशा होती. पुढे कित्येक दिवस वहिनींना तो आवाज आठवत राहिला.

“नाही येणार, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “औषध बदललं तरी पंप तिथेच आहे. उद्या आणखी कुणीतरी चांगल्या मनाने तो वाढवेल, आणि हीटरपाशी आणखी कुणीतरी उभा असेल.”

“बरं,” तो म्हणाला.

चौकशीला आलेला साहेब वयस्कर होता, नीट ऐकून घेणारा. वहिनींनी भांडी त्याच्यासमोर मांडली, यंत्र लावून दाखवलं. हळू, मध्यम, जोरात. लगदा धरताना त्याने चष्मा काढून वाकून बघितलं. मग दिराला आत बोलावलं. दिराने सरळ सांगितलं की वेग त्याने वाढवला, कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा वहिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की सांगितलं होतं, त्यांनीच.

साहेबाने विचारलं, कामावर सांगितलंत की घरी?

घरी, वहिनी म्हणाल्या. जेवताना.

साहेबाचं लिहिणं थांबलं. तो जरा खेदानेच म्हणाला, “घरचं बोलणं मला इथे घेता येत नाही, बाई.” त्याने तेवढं सोडून पुढचं लिहायला घेतलं. बुजलेल्या नळाचंही वहिनींनी सांगितलं. त्यावर देखभाल सुधारावी, असं एक वाक्य आलं. मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता.

निकाल लागायला फार वेळ गेला नाही. विचारल्याशिवाय पंपाचा वेग बदलला म्हणून दिराचं सुपरवायझरपद काढून घेतलं आणि त्याची बदली लांबच्या साठवण डेपोत केली, पहारेकऱ्याच्या जरा वरच्या जागेवर. मिक्सिंग पंपाला वेगाची मर्यादा घातली. ती किती असावी ते वहिनींनी ठरवलं आणि त्यांच्याच सहीचा कागद पंपाशेजारी चिकटवला. टाकीत पाणी छान उतरायला लागलं. पैलवान पट्ट्या सुटल्यावर फाटकापाशी बसायच्या कामावर आला. त्याची बोटं मिटत नव्हती. आत येणाऱ्या गाड्यांना तो सबंध तळहात उघडून थांबवायचा. त्याने वहिनींना एकदाच विचारलं की साहेब कुठे दिसत नाहीत ते. त्या दिवशी त्याला पाण्याखाली धरून ठेवणाऱ्याला तो साहेब म्हणत होता. वहिनींनी सांगितलं, बदली झाली. माझ्यामुळे झाली का, असं त्याने विचारलं. नाही, त्या म्हणाल्या, आणि झपाझप आत गेल्या.

घरात दीर त्यांच्याशी बोलत होता. मीठ द्या, किल्ली कुठे आहे, आईला आज बरं नाही. सगळं बोलायचा, फक्त वहिनी म्हणायचा नाही. हाक न मारता माणूस किती दिवस बोलू शकतो, हे त्यांना तेव्हा कळलं. जाऊबाईंनी मात्र आडपडदा ठेवला नाही. जायच्या आदल्या दिवशी भांडी बांधताना त्या म्हणाल्या, “मॅनेजरने वाट काढून दिली होती. तुम्ही ती बंद केलीत. तुमचं शिक्षण तुमच्या कामी आलं, आमचा माणूस भाबडा निघाला.”

वहिनींकडे उत्तरं होती. एकही खोटं नव्हतं, आणि त्यातलं एकही जाऊबाईंना देण्यासारखं नव्हतं. त्यांनी एक मोठं पातेलं कागदात गुंडाळून जाऊबाईंच्या खोक्यात ठेवलं. जाऊबाईंनी ते काढून ओट्यावर परत ठेवलं.

डेपोतली जागा एका खोलीची होती, जिना उंच होता, आणि सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्या वहिनींपाशीच राहिल्या. दीर निघाला तेव्हा आईच्या पाया पडला, मग वहिनींसमोर येऊन घुटमळला. तो काहीतरी बोलेल म्हणून त्या थांबल्या. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, तशी त्याने पिशवी उचलली आणि जिना उतरून गेला.

मग घर फार शांत झालं. वहिनी सकाळी दोघींचा स्वयंपाक करून कामावर जायच्या, संध्याकाळी परत यायच्या. दिराचा फोन सासूबाईंना यायचा. बोलणं झालं की सासूबाई फोन ठेवून द्यायच्या. आधी त्या तो वहिनींच्या हातात देत, तसं आता करत नसत. वहिनी मागतही नसत. कारखान्यातही कुणाची त्यांना वहिनी म्हणायची सवय सुटली नाही, आणि त्या पहिल्यासारख्याच ओ द्यायच्या.

एका संध्याकाळी त्या सासूबाईंच्या गुडघ्यांना मलम चोळत होत्या. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “तू खरं बोललीस, ते मला कळतं. तसं न बोलतीस तर मीच तुला नावं ठेवली असती.”

वहिनी मलम चोळत राहिल्या.

“पण मला तुझा राग येतो,” सासूबाई म्हणाल्या. “जावा म्हटलं तरी जात नाही. रोज सकाळी उठते तर आहेच. आता म्हातारीने काय करायचं त्याला?”

“असू दे, आई,” वहिनी म्हणाल्या.

“असू दे तर असू दे.” सासूबाईंनी दुसरा पाय पुढे केला. “हा जास्त दुखतो.”

वहिनींनी बाटलीतून आणखी थोडं मलम घेतलं आणि चोळायला लागल्या. बाहेर अंधार पडत आला होता, पण दिवा लावायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही.